नणंदेच्या गोळ्या बंद करू का?

शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी दोनदा बजावलंय. छापत नाही. पण पत्रातली अडचण एकट्या त्यांची नाही, म्हणून उत्तर टपालाने न धाडता या पानावर देते आहे.

त्यांची धाकटी नणंद पाथर्डी तालुक्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. बारशाची तयारी चालली होती आणि बाळंतिणीचं काहीतरी बिनसलं. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, एकटीच बडबड, ‘हे बाळ माझं नाही, बदललंय’ असा धोशा. एका पहाटे बाळाला पदराखाली घेऊन ती विहिरीच्या वाटेला लागली. धार काढायला उठलेल्या वडिलांनी पाहिलं म्हणून दोघी वाचल्या. मग अंगारा झाला, उतारा झाला, आणि शेवटी नगरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार आठवड्यांत ती मुलीला मांडीवर घेऊन बसू लागली. सहा महिन्यांनी ‘आता बरी आहे की’ म्हणून घरच्यांनी गोळ्या थांबवल्या, तर दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम. आता मुलगी अडीच वर्षांची आहे. सासरची माणसं ऊसतोडीला जाणारी. दिवाळीनंतर टोळी निघेल, त्याआधी सून नांदायला पाठवा, असा निरोप आलाय. दुखणं काय होतं ते सासरी ‘बाळंतरोग’ एवढंच सांगितलेलं आहे.

वहिनी लिहितात, ‘गोळ्यांनी तिचं वजन नऊ किलो वाढलं. पाच महिने पाळी नाही. शेजारीण म्हणते, या वेडाच्या गोळ्या आहेत, एकदा लागल्या की सुटत नाहीत आणि पिशवी खराब करतात. सासरी कळलं तर नांदवणार नाहीत. गोळ्या बंद करून पाठवू का?’

ताई, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि पाळी गेली, वजन वाढलं, हेही मुकाट्याने सोसत बसू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, आणि टोळी निघायच्या आत करता येतात.

तुम्ही पाकिटावरचं नाव उतरवून पाठवलंत ते फार बरं केलंत. रिस्पेरिडोन. हे मनोविकारावरच्या एका मोठ्या कुळातलं औषध आहे. क्लोरप्रोमॅझिन, हॅलोपेरिडॉल ही त्यातली जुनी मंडळी. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल ही नंतरची. भास होणं, कानात नसलेले आवाज येणं, ‘माझ्यावर कुणी करणी केलीय, जेवणात काही घातलंय’ असा पक्का ग्रह होणं, अशा दुखण्यांत ती देतात. स्किझोफ्रेनिया हे त्यातलं ठळक नाव. जगात साधारण ३०० माणसांत एकाला तो होतो, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या गावात चार-पाच घरी तो असणारच, दाराआड का होईना. याशिवाय उन्मादाच्या झटक्यात ही औषधं लागतात, आणि तुमच्या नणंदेला झालं तसल्या बाळंतपणानंतरच्या आजारातही. हा आजार हजार बाळंतिणींत एखाददोघींना होतो, बहुतेकींना पहिल्या दोन आठवड्यांतच. बाळंतीण झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी भलतंच काही म्हणू लागली, तर तो दिवस मोडायच्या आत दवाखाना गाठावा. विहिरीची वाट लांब नसते, हे तुम्ही पाहिलंच आहे.

ही औषधं झोपेची नव्हेत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पहिल्या दिवसांत झोप येते, त्यामुळे घरची माणसं म्हणतात, ‘गुंगी देऊन पाडून ठेवलंय.’ त्यांचं खरं काम झोपेच्या पलीकडचं आहे आणि ते सावकाश चालतं. भास आणि ग्रह उतरायला आठवडे जातात.

ते कसं चालतं? आपल्या भागातल्या बायकांना पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणं हे त्याचं काम. पाटाला जशा चाऱ्या फुटतात, तशा या डोपामिनच्याही निरनिराळ्या वाटा आहेत. एक वाट ‘हे महत्त्वाचं आहे, इकडे लक्ष दे’ असं मनाला सांगते. या आजारात त्या चारीला पाणी जास्त सुटतं. मग पानांची सळसळही आपल्याविषयीच बोलतेय असं वाटायला लागतं. औषध दार खाली करतं आणि पाणी आवरतं. पण दार एका चारीचं खाली केलं तरी पाणी सगळीकडचंच थोडं कमी होतं! दुसरी चारी हातापायांच्या हालचालींची. तिथे पाणी तुटलं की हात थरथरतात, चाल ताठरते, लाळ गळते. तिसरी चारी अंगावरच्या दुधाशी निगडित. एरवी डोपामिन प्रोलॅक्टिन नावाच्या द्रवावर लगाम ठेवतं. तो लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन वाढतं, मग पाळी लांबते किंवा बंद होते, क्वचित बाळ अंगावर नसतानाही दूध येतं.

तुमच्या नणंदेची पाळी कुठे गेली, त्याचं बहुधा हे उत्तर. पिशवी खराब झालेली नाही, ताई. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढणं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं, आणि मात्रा कमी करून किंवा औषध बदलून बहुतेकदा पाळी परत येते. पण तुम्ही सांगितलंच नाहीत, तर त्यांना कळायचं कसं? पत्रात तुम्ही लिहिता, ‘पुरुष डॉक्टर, त्यांना पाळीचं कसं सांगायचं?’ कागदावर लिहून न्या आणि तो कागद पुढे सरकवा. अनेक जणी तसंच करतात. आणि एक सावधगिरी. पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं मुळीच नाही. औषध बदललं की अंडं आधी सुटतं आणि पाळी मागाहून दिसते. नणंद सासरी जाणार आहे, तेव्हा पुढच्या मुलाचं ठरेपर्यंत साधन काय वापरायचं, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. हा आजार पुढच्या बाळंतपणात उलटण्याची शक्यता बरीच असते. म्हणून ते बाळंतपण ठरवून, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं.

जाता जाता इतर मैत्रिणींनाही सांगते. लेव्होसल्पिराइड नावाचं याच कुळातलं एक औषध पित्ताच्या, गॅसेसच्या गोळीत रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला घातलेलं असतं. मेडिकलमधून ‘पोट जड झालंय, काहीतरी द्या’ म्हणून आणलेली पट्टी महिनोन् महिने घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांची पाळी चुकते, छाती दुखते, दूध दिसतं, आणि मग घाबरगुंडी उडते, सोनोग्राफी होते, गाठीची शंका येते. पट्टीच्या मागच्या बाजूचं बारीक नाव वाचा. डोकं अगदी ठिकाणावर असलेल्या बाईच्या पोटातही ‘वेडाची गोळी’ जाते ती अशी!

आता दुसरी चारी, हालचालींची. इथे आमच्याच घरातली गोष्ट सांगायला हवी.

पंचवीस वर्षं तरी झाली असतील. माझ्या थोरल्या जाऊबाईंना असाच आजार झाला. एका दवाखान्यात इंजेक्शन देऊन, चार गोळ्या हातावर ठेवून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला त्यांची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर चढले, जीभ बाहेर, बोलता येईना. सासूबाईंनी देवापुढचं कुंकू आणून कपाळी लावलं. शेजारच्या बायका जमल्या, कुणी नारळ आणला. ‘देवी अंगात आलीय, गोळी देवीला चालली नाही,’ असं ठरलं. दोन तास हे चाललं होतं. मी त्या घरात नवीन, मला बोलायची प्राज्ञा नव्हती. भाऊजींनी शेवटी रिक्षा केली. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात मान सरळ झाली, जशी काही कळ फिरवावी!

ना देवी होती, ना कोप. या औषधांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांनी, पहिल्या काही दिवसांत स्नायू असे पिळवटून येतात, आणि तरुण माणसांत जास्त. त्यावर उतारा आहे आणि तो मिनिटांत काम करतो. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रमाइडने आणि चक्करेवरच्या प्रोक्लोरपेराझिननेही कधी कधी लहान मुलींना हेच होतं. पण आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो दिवस एवढ्यावर निभावला असता. निभावला नाही. जाऊबाईंनी पुढे वर्षभर औषधाला हात लावला नाही, आणि ते वर्ष आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

म्हणून औषध सुरू होताना डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा, की पहिल्या आठवड्यात काय होऊ शकतं, आणि झालं तर रात्री कुठे न्यायचं?

आणखी एक त्रास असा आहे, की तो दिसूनही उमगत नाही. माणूस एका जागी बसत नाही. पाय हलवतो, अंगणात फेऱ्या मारतो, जेवता जेवता उठतो. घरच्यांना वाटतं आजार बळावला. मग ते डॉक्टरांना सांगतात ‘चळ वाढलाय’, आणि गोळी वाढते, तसा त्रासही वाढतो. तिला शांतपणे विचारावं, ‘मनात काही येतंय का, की पायांनाच राहवत नाही?’ ती म्हणेल, पायांनाच. हेच वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगावं. थरथर आणि ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची छोटी गोळी जोडीला देतात. तुमच्या यादीत ती आहेच. तिने तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, जवळचं अंधुक दिसतं. ती जन्मभर लागतेच असं नाही, तेव्हा ‘ही अजून हवीय का?’ असं मधून मधून विचारायला हरकत नाही. वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांत, त्यातही उतारवयाच्या बायकांत, ओठ चावल्यासारखे, जीभ घोळवल्यासारखे चाळे सुरू होतात. सुपारी चघळतेय असं वाटतं. ते पहिल्यांदा दिसले त्याच महिन्यात दाखवावेत, कारण उशीर झाला तर ते कायमचे राहू शकतात.

वजनाचं काय करायचं? नऊ किलो ही थट्टा नाही. ही औषधं भूक वाढवतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिन तर सर्वांत जास्त. नुसतं ‘कमी खा’ म्हणून भागत नाही, कारण ती भूक खोटी नसते. पण घरात करण्यासारखं आहे. चहातली साखर निम्मी करा, सकाळची भाकरी ज्वारी-बाजरीचीच असू द्या, पण ताट वाढताना आधी भाजी आणि आमटी, मग भाकरी. मधल्या वेळी बिस्किटाच्या पुड्याऐवजी भाजलेले हरभरे, काकडी, ताक. गोड पेयांची बाटली घरात आणूच नका. तोंड कोरडं पडतं म्हणून ही माणसं ती सारखी पितात. वजनाचा काटा किराणा दुकानात असतो, दर महिन्याला एकदा त्यावर उभं करा आणि आकडा वहीत लिहा. उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासावी. तुमच्या पत्रात या तपासण्यांचा उल्लेख नाही, म्हणून विचारते, कधी झाल्या आहेत का? आईवडिलांना मधुमेह असेल तर तेही सांगा. अशा वेळी डॉक्टर कमी वजन वाढवणारं औषध निवडू शकतात.

धोक्याची एक खूण मात्र पाठ करून ठेवा. औषध घेणाऱ्या माणसाला जोराचा ताप, लाकडासारखं ताठलेलं अंग, दरदरून घाम आणि भ्रम, हे एकदम झालं तर गोळी थांबवून थेट मोठं रुग्णालय गाठायचं. हे क्वचित होतं, पण जिवावरचं असतं. क्लोझापिन घेणाऱ्यांची आणखी एक वेगळी गोष्ट आहे. हे औषध बाकीची फसल्यावर कामी येतं आणि अनेकांना त्याने उठवून बसवलंय. पण ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करू शकतं. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यापायी आठ माणसं दगावली आणि औषध मागे पडलं. पुढे रक्त तपासत राहायच्या अटीवर ते परत आलं. म्हणून पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त काढतात. ‘सारखं रक्त काय काढतात’ म्हणून तपासणी चुकवू नये. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त पाहावं. शौचाला चार दिवस झालं नाही तर तेही हसण्यावारी नेऊ नये.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयीही लिहून ठेवते. सासरे विसरभोळे झालेत, रात्री उठून दार उघडतात, म्हणून कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्यांतली अर्धी त्यांना देणारी घरं आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच दिला आहे. डॉक्टर त्यांनाही कधी देतात, पण थोडी, थोडे दिवस आणि तोलूनमापून.

एवढे तोटे वाचल्यावर तुम्ही म्हणाल, मग शेजारीण काय खोटं बोलते? तोटे खरे आहेत. पण दुसरं पारडं पाहिल्याशिवाय तराजू उचलू नये.

दुसरं पारडं आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळतं. नगर तालुक्यात शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य ‘माऊली सेवा प्रतिष्ठान’ चालवतं. १९९८ पासूनचं त्यांचं काम. सुरुवात झाली रस्त्यावरच्या बेवारस माणसांना डबे पोचवण्यापासून. मग मन ढळलेल्या, रस्त्यावर फिरणाऱ्या बायकांना त्यांनी घरच दिलं. अशा बाईची रस्त्यावर काय दशा होते ते इथे लिहवत नाही. कितीतरी जणी पोटुशा होऊन तिथे पोचल्या आणि त्यांची मुलंही तिथेच वाढताहेत. यातली प्रत्येक बाई कुणाची तरी नणंद, कुणाची तरी सून होती. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था कर्जतला आहे. आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, रायगडातलं कर्जत. तिथे रस्त्यावरून आणलेल्या माणसांवर उपचार होतात, काही आठवड्यांत त्यांना आपलं नाव, गाव, मुलांची नावं आठवू लागतात, आणि मग संस्थेची माणसं त्यांना घरी नेऊन पोचवतात. अशी हजारो माणसं घरी गेली. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आईचं नाव ओठावर परत येतं, त्यात प्रेमाचा वाटा आहेच, पण याच ‘वेडाच्या गोळ्यां’चाही आहे.

या गोळ्या येण्याआधी काय होतं? कोठडी, साखळी, थंड पाण्याच्या घागरी. ‘येरवड्याला पाठवा’ हे आपल्याकडे नुसतं चेष्टेतही ऐकू येतं, पण त्या शब्दामागे माणसं आयुष्यभर आत राहिलेली आहेत. पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमॅझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये रुग्णांना दिलं गेलं. आपल्याकडे त्याआधीच, १९३१ साली, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर गुण येतो असं छापलं होतं, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली तिची रक्तदाबावरची परीक्षा जगापुढे मांडली. मुळीतलं द्रव्य काही वर्षं मनोविकारावर चाललं, पण त्याने मन खिन्न होई, म्हणून मागे पडलं. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

देवाला जायचं असेल तर जा. मढीला जा, मोहट्याला जा, मी नाही म्हणणार नाही. पिशवीत नारळाशेजारी गोळ्यांची पट्टी असू द्या. बांधून मात्र कुठेही ठेवू नका. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळाली. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

आता बंद करण्याविषयी. गोळ्या थांबवलेल्यांचे आणि चालू ठेवलेल्यांचे गट शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा वर्षभरात थांबवणाऱ्या १०० पैकी सुमारे ६० जणांचा स्किझोफ्रेनिया उलटला. चालू ठेवणाऱ्यांत सुमारे २५ जणांचा. म्हणजे गोळी चालू ठेवूनही उलटतो, आणि थांबवूनही काही जण नीट राहतात. पण कौल कुठे आहे ते दिसतंच. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. ‘सुटत नाहीत’ असं वाटतं ते आजार मागे दबा धरून असतो म्हणून, आणि एकदम थांबवल्या की शरीर बिथरतं म्हणून. बाळंतपणानंतरचा एकच झटका येऊन गेला असेल तर काही महिन्यांनी डॉक्टर स्वतःच गोळी उतरवत नेतात. तुमच्या नणंदेचा तो दुसऱ्यांदा, बाळंतपणाशिवाय उलटला, म्हणून डॉक्टर बहुधा जास्त दिवस चालवतील. तरीही ‘किती दिवस?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उतरवायची ठरली तर ती हळूहळू, महिन्या-महिन्यांनी, घरची माणसं जवळ असताना उतरवायची. ऊसतोडीचा हंगाम ही त्याची वेळ नव्हे.

कारण तिथलं जगणं तुम्हाला मी काय सांगू! पहाटे चारला उठायचं, उघड्यावरची कोपी, अपुरी झोप. या आजाराला जागरणाइतकं वाईट काही नाही. त्यातून खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणजे दवाखान्याची वारी चुकणारच. उन्हाचंही आहे. या गोळ्यांनी, आणि जोडीच्या ट्रायहेक्सिफेनिडिलने, अंगातली उष्णता बाहेर पडायला अडचण होते. माघ-फाल्गुनापासून उन्हं चढतात तेव्हा डोक्याला ओला फडका, दुपारी सावली, पाण्याची बाटली जवळ, हे तिला जपावंच लागेल. चक्कर आली, अंग तापलं, घाम थांबला तर फडाच्या कडेला बसवून नुसता कांदा हुंगवत राहू नका. अंगावर पाणी घाला आणि दवाखान्यात न्या.

लपवून देण्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. ‘भाजीत घालून देऊ का, तिच्या नवऱ्याला तरी कशाला सांगायचं?’ ताई, भाजीतली गोळी मी पाहिली आहे. एक दिवस कडू लागते, आणि ज्या बाईला आधीच वाटत होतं की जेवणात काही घालतात, तिचं ते वाटणं आपणच खरं करून दाखवतो. मग ती जेवणच सोडते. गोळीचा कंटाळा असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं मिळतात. तिला स्वतःला विचारून, ती राजी असेल तर, डॉक्टरांशी त्याचं बोला. ऊसतोडीवरच्या बाईला ते सोयीचं पडण्यासारखं आहे.

नवऱ्याला मात्र सांगावं असं माझं मत आहे. सासूला, मुकादमाला, भावकीला सांगायची गरज नाही. पण जो माणूस रात्री तिच्याशेजारी कोपीत असणार, त्याला ती तीन रात्री झोपली नाही तर काय करायचं हे ठाऊक हवं. सोडून देईल ही तुमची भीती मी खोटी ठरवत नाही. अशी सोडलेली बाई माझ्याही ओळखीत आहे. पण लपवलेलं दुखणं फडात उलटलं, तर तिला दवाखान्यात न्यायला तिथे कुणीच नसेल, आणि सोबत अडीच वर्षांची मुलगी असेल. त्याला दिवाळीआधी एकट्याला माहेरी बोलवा आणि डॉक्टरांकडे बरोबर न्या. दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पुरुषमाणसं पुष्कळदा वेगळं वागतात. आणि नणंदेला विचारून हे करा. दुखणं तिचं आहे, संसार तिचा आहे. तुमच्या चार पानांत ती स्वतः काय म्हणते, ते मला कुठे सापडलं नाही.

टोळी निघायच्या आधीची तारीख आजच घ्या. जिल्हा रुग्णालयातही मनोविकाराची तपासणी होते आणि तिथे ही औषधं मिळतात; खासगीतही ही फार महागाची नाहीत. भेटीला जाताना वही न्या. पाळीच्या तारखा, वजन, झोप, हातांची थरथर, सगळं त्यात. प्रोलॅक्टिन आणि साखर तपासून मागा. गोळी बदलायची झाली तर ती हंगामाआधी बदलून, महिनाभर घरी पाहून मग पाठवता येईल का, विचारा. तेवढे दिवस उशीर झाला तर होऊ दे. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून मागा, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या मेडिकलवर ते मिळेल. चिठ्ठीच्या दोन प्रती करा. एक तिच्या पिशवीत, एक नवऱ्याच्या खिशात. दोन महिन्यांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलीच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर. आणि नवऱ्याच्या फोनमध्ये १४४१६ हा आकडा घालून द्या. तो सरकारचा ‘टेली मानस’ आहे, २०२२ पासूनचा, रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतून.

तपासणी झाल्यावर प्रोलॅक्टिनचा आकडा आणि नवीन गोळीचं नाव मला कळवा. या वेळी पत्राच्या खाली दोन ओळी नणंदेच्या हातच्या असू द्या.